डावा पाय पुढे

मार्च लागला की लोक माठ काढतात, पंख्यांवरची धूळ पुसतात आणि दुपारी सावली धरून चालायला लागतात. मला मात्र एखाद्या मिट्ट काळोखाच्या खोलीत जाऊन बसावंसं वाटतं. बाहेर ऊन रणरणतंय, आत काळोख, त्या काळोखात एका यंत्राची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. हडपसरच्या आमच्या सोसायटीत असा काळोख विकतसुद्धा मिळायचा नाही. समोरच्या आयटी पार्कच्या काचा दिवसभर ऊन इकडे परतवत असतात. तरी मी आपली पडदे ओढून बघते. यंदा मुलाची दहावी आहे. तो पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणतो, "आई, लाइट तरी लाव, नाहीतर पडदा तरी उघड." मग मी लाइट लावते.

हा काळोखाचा नाद मला एका परीक्षेच्या मोसमात लागला. दोन हजार साल उजाडायला थोडाच अवधी होता. पुण्यात तेव्हा गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. शतक बदललं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार आणि ते दुरुस्त करायला येतील त्यांना अमेरिका विमान पाठवून बोलावून घेणार, असं माझ्या हॉस्टेलमधल्या मुली छातीठोकपणे सांगायच्या. त्या रात्रंदिवस कसल्या कसल्या भाषा घोकत असत. मी प्राचीन ग्रीकांची कला आणि पुरातत्त्व शिकत होते.

माझे बाबा यवतमाळला एसटीत होते. त्यांना मी पुण्यात कॉम्प्युटर शिकतेय एवढंच नीट माहीत होतं, आणि ते खोटं नव्हतं. सकाळी मी क्लासला जायचेच. रविवारी एसटीडी बूथवरून फोन केला की ते विचारायचे, "कॉम्प्युटर शिकून राहिली ना, पोरी?" मी हो म्हणायचे. "आणि ते दुसरं काय हाय तुझं, ते मूर्त्यांचं?" "तेही चाललंय, बाबा." मग ते जरा थांबून म्हणायचे, "बरं. जेवत जाय टायमावर."

मूर्त्यांचं जे होतं ते आमच्या विभागाच्या वरच्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत होतं. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, जिथं कागद फाटला तिथं जुनी घोंगडी. मधोमध टेबलावर स्लाइड दाखवायचं यंत्र आणि भिंतीवर पांढरा पडदा. या पेपरला आम्ही दोघीच होतो, मी आणि रुक्साना. रुक्साना मंडईजवळची, चार पिढ्या पुण्यात. तिच्या अब्बांचा फळांचा गाळा होता. ती पुणेरी होती म्हणजे इतकी पुणेरी होती, की पहिल्याच दिवशी मी शेजारी बसायला गेले तर म्हणाली, "बाकी सगळे बाक रिकामे आहेत, दिसतायत ना? मग इथेच बस." मला हे बोलावणं आहे की हाकलणं, ते कळायला आठवडा गेला.

शिकवायला खांबेटे मॅडम होत्या. बारीक, उंच, सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. निवृत्तीला तेच शेवटचं वर्ष. पहिल्या तासाला आमच्याकडे बघून म्हणाल्या, "दोघी आहात. छान. एकच असली तर त्याला शिकवणी म्हणतात, दोघी असल्या की वर्ग म्हणता येतो." मग पडद्यावर पहिला पुतळा आला. संगमरवरातला तरुण मुलगा, अंगावर चिंधी नाही. यवतमाळहून आलेल्या मुलीनं कुठं बघायचं? मी वहीत बघितलं. मॅडम म्हणाल्या, "लाजायचं असेल तर आजच काय ते लाजून घ्या. उद्यापासून अभ्यास आहे."

ग्रीकांचा हा आद्य मुलगा. त्याला कूरोस म्हणतात, म्हणजे नुसतंच 'तरुण'. त्याला नाव नाही, गोष्ट नाही. कुणाच्या थडग्यावर, कुणा देवाच्या दारात असे शेकडो उभे केले गेले. दोन्ही हात अंगालगत, मुठी वळलेल्या, ओठांवर उगीचचं हसू, आणि डावा पाय पुढे. नेहमी डावाच. शे-दीडशे वर्षं ग्रीक शिल्पकार दगडातून माणूस सुटा करायचा प्रयत्न करत होते, गुडघा कसा वाकतो, पोटाच्या घड्या कुठं पडतात हे एकेका पिढीत शिकत होते, पण डावा पाय काही त्यांनी बदलला नाही. मॅडम हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. घरातल्या मुलाच्या चालण्याबद्दल बोलावं तसं त्या बोलायच्या.

त्या स्वतः ग्रीसला कधीच गेल्या नव्हत्या. सुरुवातीला आईचं आजारपण होतं, मग ते संपलं तेव्हा रजा नव्हती, मग जायची वेळ निघून गेली असं त्यांना वाटायला लागलं. त्यांचा सगळा ग्रीस ग्रंथालयातल्या जाड पुस्तकांतून आलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या ही पुस्तकं येरवड्याला घरी न्यायच्या, गच्चीवर उघडी ठेवायच्या आणि सकाळच्या उन्हात एकेका चित्राचा फोटो काढून त्याची स्लाइड करायच्या. पुठ्ठ्याच्या चौकटी स्वतः चिकटवायच्या. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका. स्लाइड यंत्रात घालताना तो ठिपका उजव्या अंगठ्याखाली आला पाहिजे, म्हणजे चित्र सुलट पडतं. आयुष्यात नेलपॉलिश त्यांनी एवढ्याच कामासाठी विकत घेतली, असं त्या सांगत.

स्लाइडा लावायचं काम रुक्सानाचं. फळं रचून विकणाऱ्या घरातली असल्यामुळे की काय, तिच्या हाताला रचायची सवय होती. पण पुष्कळ चौकटींवरचे ठिपके आता झिजून गेले होते. तिथं ती अंदाज करायची.

फेब्रुवारीतली एक दुपार. बाहेर थंडी सरल्याची चाहूल होती, रस्त्यावर द्राक्षांच्या गाड्या लागल्या होत्या. मॅडम पडद्यापाशी उभ्या राहून छडीनं दाखवत होत्या. "हा पुढे टाकलेला पाय बघा. डावा. वजन मात्र दोन्ही पायांवर सारखं." मी बघितलं. छडी मागच्या पायावर टेकली होती. पुढे होता तो पाय उजवा होता आणि तो पडद्याच्या दुसऱ्या बाजूला होता. स्लाइड उलटी लागली होती, आरशात दिसावा तसा मुलगा दिसत होता. मला वाटलं मॅडम आता थांबतील, रुक्सानाला चार शब्द ऐकवतील. त्या थांबल्या नाहीत. मागच्या पायावर छडी ठेवून त्यांनी पुढच्या पायाचं सगळं वर्णन केलं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, एक शब्द न चुकता. रुक्सानानं काळोखात माझं मनगट धरलं.

मग सगळंच दिसायला लागलं. आम्ही न बोलता दारात उभ्या राहिलो तर मॅडम "कोण आहे" असं विचारायच्या. चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवायच्या. फळ्यावर लिहिणं त्यांनी दिवाळीनंतर सोडलं होतं आणि आम्हाला वाटायचं, खडूच्या धुळीचा त्रास होत असेल.

मी म्हणत होते, गप्प बसू या. रुक्साना म्हणाली, "गप्प कशाला? त्यांना उलट्या पुतळ्यावर शिकवू द्यायचं?" दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिनं सरळ सांगितलं, "मॅडम, काल तो मुलगा उलटा लागला होता. चूक माझी. पण तुम्हाला दिसलं नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला. बशी जरा चाचपून.

"कालच का नाही सांगितलंस?"

"काल धीर नव्हता. आज सांगतेय."

मग त्या म्हणाल्या, "काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही म्हणतात, उरलंय ते जपायचं. आता मला पडद्यावरचा उजेड दिसतो. त्यात कुणी उभं आहे, एवढं कळतं." साडीचा पदर त्यांनी उगीचच सारखा केला. "विभागात कळलं तर हा तास उद्याच कुणाकडे तरी जाईल. किंवा कुणाकडेच जाणार नाही. तसाही हा पेपर त्यांना जड झालाय, दोघींसाठी एक खोली अडते. माझी एवढीच इच्छा आहे, की एप्रिलपर्यंत मीच शिकवावं. तुमची परीक्षा होईपर्यंत. उरलंय ते पुरेल तेवढं."

त्या दिवसापासून आमचा वर्ग उलटा झाला. रुक्साना स्लाइड लावायची, आणि पडद्यावर काय आहे ते आम्ही मॅडमना सांगायचो. मग त्या शिकवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मॅडम, पुतळा आहे."

"ते मलाही ठाऊक आहे. काय दिसतंय?"

"बाई आहे. उभी आहे."

"वैशाली, उभी तर मीही आहे. मी ग्रीक आहे का? काय दिसतंय ते सांग."

मग मी सांगायला लागले. वस्त्राच्या चुण्या सरळ आहेत की तिरप्या. एक हात पुढे आला होता तो कोपरापाशी तुटलाय. केसांच्या बटा खांद्यावरून पुढे आल्यात, किती, त्यांवर रेघा कशा आहेत. सांगता सांगता मला पहिल्यांदाच दिसायला लागलं. त्याआधी वर्षभर मी नुसती बघत होते. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या, मधेच म्हणायच्या, "थांब. चुण्या खाली फाकतात का?" मी बघायचे, तर त्या खरंच फाकत असायच्या. एखाद्या वेळी मी हुशारी करून पुस्तकातलं वाक्य ठोकून द्यायचे. "हे तू बघितलंस की वाचलंस?" त्या विचारायच्या. त्यांना दर वेळी कळायचं.

मडकी सांगणं सर्वांत अवघड. काळी चित्रं लाल मातीवर, मग काही पिढ्यांनी लाल चित्रं काळ्यावर. पाण्याच्या घड्याला तीन कान, पिण्याचा कप उथळ, पसरट, परातीसारखा. तो तळापर्यंत रिकामा होत गेला की आत रंगवलेलं चित्र हळूहळू वर येतं, हे मॅडमना फार आवडायचं. रुक्साना ते सांगायची तेव्हा मुद्दाम सावकाश सांगायची, आधी कड, मग उतार, मग तळ. मॅडम तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि म्हणायच्या, "आता दिसला बघ मला."

परीक्षेचा अभ्यास आम्ही मंडईजवळ, रुक्सानाच्या घरच्या गच्चीवरच्या खोलीत केला. खालून भाजीवाल्यांची ओरड, ओल्या कोथिंबिरीचा आणि पोत्यांचा वास, आणि संध्याकाळी उरलेल्या द्राक्षांचा ढीग. जे घड मोडल्यामुळे विकता येत नसत ते आमच्या वाट्याला यायचे. तिच्या अम्मी वर येऊन आमच्या वह्यांतले उघडे पुतळे बघायच्या, वही उलटी ठेवायच्या आणि शेवया समोर सरकवायच्या. आम्ही एकीनं डोळे मिटायचे आणि दुसरीनं सांगायचं, असा अभ्यास करायचो. अजूनही समोरच्याचे डोळे मिटलेले असले, की मला चांगलं बोलता येतं. फोनवर मी फार चांगली बोलते, असं ऑफिसात सगळे म्हणतात.

त्या ऑफिसात मी गेली कित्येक वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी केलेलं बघायचं आणि कुठं काय बिघडलंय ते सांगायचं. नवीन मुलं येतात, म्हणतात, "मॅम, स्क्रीन ब्लँक येतोय." मी विचारते, पूर्ण ब्लँक की वरची पट्टी दिसतेय? पट्टीचा रंग काय? ती वैतागतात. त्यांना वाटतं, मी मॅनेजर आहे म्हणून छळते.

एप्रिल आला. कडुनिंबाच्या मोहराचा विभागाच्या पायऱ्यांवर सडा पडला होता. मॅडमना आता बसचा नंबर दिसेना, म्हणून रुक्साना त्यांना लुनावर मागे बसवून येरवड्याला सोडायची. विभागात विचारलं तर सांगायची, मावशी तिकडेच राहते. मावशी भवानी पेठेत राहत होती. परीक्षेत लेखी पेपर झाल्यावर स्लाइडांची परीक्षा असे. बाहेरगावचे परीक्षक येत, स्लाइडा दाखवत, आणि आम्ही प्रत्येकीबद्दल लिहायचं. आम्ही दोघी अभ्यासाला घाबरलो नव्हतो. परीक्षक मॅडमना काहीतरी दाखवतील, विचारतील, आणि शेवटच्या दिवशी सगळं उघडं पडेल, ही भीती होती.

परीक्षक मवाळ गृहस्थ होते. "मॅडम, आपण निवांत बसा, यंत्र मी चालवतो," असं म्हणून त्यांनी स्लाइडांचा डबाच हातात घेतला. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग पडद्यावर कूरोस आला, आणि त्याचा उजवा पाय पुढे होता. झिजलेल्या ठिपक्यांनी त्यांचाही घात केला होता. रुक्सानानं हात वर केला. "सर, स्लाइड उलटी आहे."

ते चष्मा वर करून बघायला लागले. "कशावरून म्हणता?"

"सर, तो कधीच उजवा पाय टाकत नाही."

त्यांनी स्लाइड काढली, उजेडात धरली, उलटवून लावली, आणि कोपऱ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आपल्या विद्यार्थिनी आपल्याइतक्याच कडक आहेत." मॅडमनी मान खाली घातली होती. उजेड पडद्यावरून त्यांच्या चेहऱ्यावर येत होता आणि त्या हसत होत्या. मला त्या क्षणी इतकं भरून आलं, की पुढच्या दोन स्लाइडांबद्दल मी काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

बाहेर आल्यावर, लुनावर बसताना, त्या एवढंच म्हणाल्या, "पुरलं गं."

तो पेपर पुढल्या वर्षापासून बंद झाला. ती खोली आधी सामानाची झाली, मग खिडक्यांवरचा कागद खरवडून तिथं कॉम्प्युटर बसवले. मला नोकरी लागली, हडपसरला शेतं होती तिथं इमारती आल्या आणि त्यातल्या एकीत मी जाऊन बसले. बाबांनी यवतमाळच्या डेपोत पेढे वाटले. रुक्साना शाळेत शिकवायला लागली, इतिहास. दर रविवारी ती येरवड्याला जाऊन मॅडमना पुस्तकं वाचून दाखवायची. उजेडसुद्धा आता दिसत नाही, असं त्यांनी तिला एकदा सांगितलं, पाऊस थांबला असं सांगावं तितक्या सहज. रुक्साना त्या संध्याकाळी माझ्याकडे आली आणि जेवली नाही.

काही वर्षांनी असाच मार्च होता. कंपनीनं मला कामासाठी जर्मनीला पाठवलं होतं, आणि जोडून आलेल्या सुट्टीत मी एकटीच अथेन्सला गेले. संग्रहालयात शिरल्यावर दोन-तीन दालनं ओलांडली आणि आमच्या स्लाइडवरचा कूरोस समोर आला. मला सगळं पाठ होतं तरी मी दचकले. स्लाइडवर माप कळत नाही. मी त्याला माझ्याएवढा समजत आले होते आणि तो माझ्या दुप्पट निघाला. मी त्याच्या पोटाशी उभी होते. पुण्यात दुपार टळली असेल. मी फोन लावला.

"मॅडम, मी वैशाली. अथेन्सला आहे. संग्रहालयात, त्याच्यासमोर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोणता? समुद्राकाठच्या देवळातला?"

"हो. मॅडम, केवढा आहे हो हा."

"असणारच. बरं, समोरचं राहू दे, समोरचं मला पाठ आहे. त्याच्या मागे जाता येतं का गं?"

"येतं. सगळीकडून फिरता येतं."

"मग मागे जा. आपल्या ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकात त्याची पाठ नव्हती. इतकी वर्षं मी मुलींना अर्धाच मुलगा शिकवला. कसा आहे तो मागून?"

मी मागे गेले. आणि हळूहळू सांगायला लागले. केस मण्यामण्यांच्या माळांसारखे आहेत, शेजारी शेजारी, खांद्यांच्या खालपर्यंत आलेत. डोक्याला पट्टी बांधलीय. खांद्यांची हाडं नुसत्या कोरलेल्या रेघांनी दाखवलीत, वळलेली आहेत. कण्याची खोल पन्हाळ खालपर्यंत सरळ आलीय. कमरेपाशी तो एकदम बारीक आहे. दगड पांढरा नाही, मॅडम, मधाचं बोट लागल्यासारखा आहे. मला मधेच रडू आलं, ते आवरलं. एरवी मला दर वाक्याला टोकणाऱ्या मॅडम फक्त "हं" म्हणत होत्या. बघितलंस की वाचलंस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एव्हाना दालनातला पहारेकरी माझ्याकडे येऊन फोन बंद करा अशी खूण करत होता.

"मॅडम, ठेवावा लागेल. पहारेकरी येऊन उभा राहिलाय."

"राहू दे उभा," मॅडम म्हणाल्या. "तू आत्ता कुठं कमरेपर्यंत आलीस. अजून टाचा राहिल्यात."

मी त्या माणसाकडे हात जोडून बघितलं, गुडघे टेकून खाली बसले आणि टाचांबद्दल सांगायला लागले.